पंचाखाली

तुर्भ्याच्या फळबाजारात अण्णा गाळ्यावर हमाल होते.
डबा घेऊन गेले की दिसायचे
अडत्या आणि गिऱ्हाईक, दोघांचे हात
एका पंचाखाली.
आत बोटं बोलायची. बाहेर तोंडं गप्प.
हापूसची पेटी कितीला गेली
हे पेटी उचलणाऱ्याला कधी कळायचं नाही.

महाप्याला मी अकरा वर्षं पायपिंगची ड्रॉइंगं करते.
कंपनीची नाही. कायम लोकांचा पास निळा,
माझा पिवळा.
मधे एजन्सी, एजन्सीत खोपकर.

एप्रिलमधे प्रिंटरच्या ट्रेमधे
माझ्या आयसोमेट्रिकखाली एक बिल निघालं.
माझं नाव. माझे तास, एकशे शहात्तर.
दर ताशी चौदाशे पन्नास.
मला मिळतात आठशे वीस.
कागद पालथा घातला, पाणी प्यायले,
आणि एका फ्लँजचे बोल्ट पुन्हा मोजले.
आठ.
आठच होते.

बेलापूरच्या ऑफिसात खोपकरांनी आधी चहा मागवला.
मग पीएफ, विमा, जीएसटी.
"क्लायंट नव्वद दिवसांनी पैसे सोडतो, मॅडम.
तुम्हाला दहा तारखेला कोण देतं?"
खोटं नव्हतं. लॉकडाऊनमधेही
दहा तारीख चुकली नव्हती.
पण सहाशे तीस?

"अकराशे," मी म्हटलं.
"साडेआठशे. आणि थेट जायचं मनात असेल
तर कलम चौदा वाचा, बारा महिने बंदी आहे."
"वाचलंय. कलम नऊही वाचलंय, तीस दिवसांची नोटीस.
जूनमधे प्लांट बंद ठेवून काम आहे
आणि लाइन लिस्ट माझ्याकडे आहे."
एसीचा आवाज तेवढा राहिला.
चहावर साय धरली.

नऊशे पंच्याऐंशी.
ओव्हरटाइम वेगळा, लेखी.
सही करताना माझा हात थरथरला
याचा मला अजून राग आहे.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा
खोपकर अगदी घरच्यासारखं बोलले :
"दोन मुली हव्यात. तुमच्या ओळखीत असतील.
प्रत्येकीमागे ताशी चाळीस तुमचे.
त्यांना सांगायची गरज नाही."

हेमांगी पाथरे. घणसोलीला राहते,
डिप्लोमा झालाय, हात सफाईदार,
बापाचं डायलिसिस चालू.
रात्री तिला फोन लावला. कामाचं सांगितलं.
ती इतकी खूश झाली की मधेच आईला हाक मारली,
मग परत फोनवर येऊन, जपून, विचारलं,
"ताई, पण साधारण किती देतात हो?"

मी ओट्याशी उभी होते.
एक हात फोनवर,
दुसरा ओढणीखाली,
बोटं मुडपलेली.