येतं, जातं

मंगळवारी उजव्या कोपराच्या आत,
मसुरीच्या डाळीएवढं.
गुरुवारी मानेच्या घडीत.
शनिवारी दोन्ही गालांवर, आणि बोट फिरवलं
तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत.
मग एका सकाळी काहीच नाही.
पंधरा दिवस काहीच नाही.
आम्ही हसतो, पण हळू आवाजात.
मग पुन्हा कोपर.

मी मोटारी भरतो. जळालेली कॉइल हातात घेतली
की सांगतो, इथून सुरू झालं.
पोरीला बल्बखाली उलटीपालटी करून पाहतो,
साडेसात महिन्यांची,
आणि मला काही सांगता येत नाही.

रंजूनं कॅलेंडरवर टिंबं दिलीत लाल पेनानं,
दुधाच्या खाड्यांशेजारी.
तिनं आधी वांगं सोडलं, मग अंबाडी, मग शेंगदाणे.
शेजारची म्हणाली, "आंबट खाल्लं असशीन व."
त्या दिवशी रंजूनं नुसता भात खाल्ला होता.
आईचं बेसन बंद केलं, तर आई दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"मंग काय राखुंडीनं घासता पोरीले?"

आमचं हातपंपाचं पाणी खारं.
साबणाला फेस नाही, डाळ शिजायला दुपार.
नळाचं गोड पाणी आठव्या दिवशी,
त्यातले दोन गुंड आता पोरीच्या आंघोळीचे.
आबांनी संध्याकाळचा चहा सोडला.
म्हणतात, गॅस होतात.

एका रात्री मला माझे हात दिसले.
वार्निश, रॉकेल, तांब्याची बारीक धूळ,
नखांत काळं, जे निघत नाही.
याच हातांनी मी तिला वर उडवतो.
रंजूला काही बोललो नाही.
दुसऱ्या दिवसापासून दारातच उभा राहायचो.
ती हात पसरायची.
मी म्हणायचो, थांब, हात खराब आहेत,
आणि हात धुवायला गेलो की तिकडेच रेंगाळायचो.
आठ दिवस.
रंजू म्हणाली, "काहून बा, पोरगी नको झाली का?"

नवव्या दिवशी गुडघ्यामागे आलं.
तिथं तर कधीच आलं नव्हतं.
मला बरं वाटलं.
लेकरू खाजवत होतं, रडत होतं,
आणि बापाला बरं वाटत होतं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग इंगळे ताईंनी धरूनच नेलं आरोग्य केंद्रात.
डॉक्टरीण बाई लहान वयाची, चष्मा नाकावरून घसरणारी.
तिनं बेंबीपासून टाचेपर्यंत सावकाश पाहिलं.
आधी कुणी इतकं सावकाश पाहिलं नव्हतं.
म्हणाली, दादा, हे कुणाच्या खाण्यानं नाही,
कुणाच्या हातानं नाही. कातडी हळवी आहे हिची.
पेराएवढं मलम, पाच दिवस, सहाव्या दिवशी बंद.
वासाचा साबण नको, पावडर नको.
आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन.
नखं कापत जा.
येईल, जाईल. मोठी झाली की कमी होईल, बहुतेक.

यष्टीत रंजूनं विचारलं,
"बहुतेक म्हणजे किती?"
पूर्णेच्या पुलापर्यंत मी विचार करत होतो.
पोरगी तिच्या मांडीवर, आबांच्या जुन्या धोतराचे
हातमोजे घालून, खिडकीची गजं धरू पाहत होती.
मोजा घसरायचा. पुन्हा धरायची.

टिंबं अजून आहेत.
मागच्या महिन्यात तीन, या महिन्यात पाच.
कमी झालं असं म्हणवत नाही.
पण रात्री तिनं खाजवायला हात उचलला
की मी माझं बोट तिच्या मुठीत देतो,
ती तेच चोळत बसते, आणि झोपते.

दुकान बंद केलं की हात धुतो.
आधी राखेनं, मग अर्ध्या लिंबानं,
खाऱ्या पाण्यानं दोनदा,
आणि शेवटी तिच्या गुंडातला गोड पाण्याचा एक लोटा.
तो लोटा हिशेबात नाही.
रंजू बघते, आणि चुलीकडे तोंड करते.
मी झाकण ठेवतो,
आवाज न होऊ देता.