रंग चढला की

तिसरी पाळी सुटली की मी थेट घरी जात नाही.
उद्यमनगरातून सायकल काढतो,
कळंब्याच्या बांधाला टेकवतो,
नाकातली काळी वाळू शिंकरून टाकतो
आणि दुर्बीण लावतो.
तिची एक काच बुरशीनं गेलीय,
त्यामुळं निम्मा पक्षी कायम धुक्यात.

समुद्र राहिला घाटाखाली.
तिकडच्या लोकांना कुरव, सुरय, सगळं लाटेबरोबर येतं.
आमच्या वाट्याला हे तळं,
चैत्रात आटत आटत परातीएवढं झालेलं,
कडेला भेगाळलेला चिखल,
चिखलात म्हशी,
म्हशींच्या पायांत धोबी.

पिवळा धोबी म्हणतात याला.
कार्तिकात आला तेव्हा पिवळा कुठला?
राखेत लोळल्यासारखा मळकट.
थंडीभर तसाच हिंडला, शेपूट आपटत, माश्या टिपत.
वहीत तीनदा खाडाखोड केली मी
त्याच्या नावाची.

आता बघा.
पोटभर हळद.
डोकं निळसर, कोरं करकरीत.
एकेक पीस बदललं गड्यानं
कुणाला पत्ता लागू न देता.

रंग चढला की समजायचं, निघाला.

हे पुस्तकात नव्हतं.
भगीरथ माझीनं सांगितलं.
माझ्या शेजारी साचे भरायचा, ओडिशाचा.
एका रविवारी त्याला बांधावर आणला.
मी म्हटलं धोबी, तो म्हणाला खंजन,
दोघंही अडून बसलो आपापल्या नावावर.
पक्षी आमचं ऐकत नव्हता.
मग म्हणाला, ''जाणार ह्यो. कापडं बघ की.''
सहा वर्षांत एवढा 'की' मात्र
त्याला पक्का लागला होता.

परवा कामावर आला तो दाढी करून.
शर्ट गुलाबी,
घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या.
जोतिबाहून आलेल्या पोरांच्या कानामागं
गुलाल राहिलेला असतो, तसला गुलाबी.
मी त्याच्या कॉलरकडं बघितलं
आणि विचारलं एवढंच,
''हिशेब झाला का रं?''
''झाला की.''

त्याच्या जागेवर आता ठेकेदाराचा नवा पोरगा.
वाळू घट्ट बसत नाही त्याची,
कास्टिंगला फोड येतात,
शिव्या मी खातो.

आज पांगाऱ्यावरच्या भोरड्याही नव्हत्या.
झाडाखाली फुलं पडलेली, अर्धी चोचलेली.
वहीत लिहिलं:
शेकाट्या अकरा.
तुतवार दोन, तेही पाण्याकडं पाठ करून.
पिवळा धोबी
आणि पुढं आडवी रेघ.
शून्य मी लिहीत नाही.
शून्य म्हणजे मोजून झालं.

ऊन चढलं.
चिखलात एक म्हैस उभी,
मान वळवून पायाशी बघते,
परत बघते,
मग स्वतःच्याच शेपटीनं
माश्या हाकायला लागते.