कारण: चेन

पांदणीला लागले तेव्हा सव्वादोन.
कॅरिअरला निळा डबा, डब्यात थुंकीच्या अकरा बाटल्या,
चार वाजता तालुक्याची लॅब बंद.

काळी माती आधी टायर धरते,
मग टायर आणि चिमट्याच्या मधली जागा,
मग ब्रेक.
चेनपर्यंत येते सगळ्यात शेवटी,
पाहुणा चुलीपर्यंत येतो तशी.

पहिल्यांदा कट् असा आवाज आला.
ऐकला नाही असं केलं.
दुसऱ्यांदा कट्,
आणि पॅडल रिकामंच खाली गेलं,
पायरी आहे समजून पाय टाकावा तसं.
उतरले.

इथे जोर लावायचा नसतो.
मागच्या पोळ्याच्या आठवड्यात लावला होता,
तर डिरेलर वाकून स्पोकांत गेला
आणि सात किलोमीटर सायकल खांद्यावर,
वावरात व्यालेल्या गाईचं वासरू घरी आणतात तशी.

जलीलभाई म्हणतात, "पयले पाह्य, मंग हात लाव."
त्यांना स्वतःला आता दिसत नाही,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
चेन अंगठ्याखालून ओढत नेतात,
तूर निवडावी तशी,
खडा लागला की थांबतात.

डबा आधी धुऱ्यावर, पळसाच्या सावलीत.
मग सायकल उलटी. सीट गाऱ्यात, चाकं वर.
तुराटीची काडी मोडून घेतली.
खालच्या दोन छोट्या चक्र्यांमध्ये माती अशी बसलेली
जशी कुणी थापून लिंपून दिली,
त्यात गवताचं पातं, गेल्या सालच्या पऱ्हाटीचा तुकडा.
उकरली.
बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं, अर्धं.
अर्धं ठेवलं,
कारण दोष अजून सापडला नव्हता.

पॅडल उलटं, हळू.
एक कडी, एक कडी, एक कडी,
चक्रीवर वाकते, सुटली की सरळ होते,
आणि एक आली ती वाकलेलीच राहिली,
टुणकन उडून पुढे गेली.
पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच.

रुसली वगैरे काही नाही. चिकटली.
चूक माझी.
मशीनचं तेल संपलं म्हणून जूनमध्ये
घरचं जवसाचं घातलं होतं,
चटणीवर घेतो ते.
जवसाचं तेल उघड्यावर राहिलं की डिंक होतो,
आणि डिंकात ही माती.
जलीलभाईंना अजून सांगितलेलं नाही.

दोन्ही अंगठे कडीच्या दोन्ही अंगांना,
आडवी वाकवायची, इकडे, तिकडे,
हाडवैद्य पोराचं मनगट बसवतो तेवढ्याच ताकदीने.
तेवढ्यात झिबल आत्रामांची बैलगाडी थांबली.
"काहून वो ताई, पंचर?"
"नाही, कडी."
"गिअरवाली घ्यावच कायले? साधी बरी राह्यते."
त्यांच्या चाकांनाही वीतभर चिखल,
पण तो दाखवायला वेळ नव्हता.
त्यांच्या सुनेची बाटली डब्यात सात नंबरला,
ते तर सांगायचंच नव्हतं.
"हाव," म्हटलं,
आणि ते गेले.

कडी सुटली.
आवाज काही झाला नाही,
अंगठ्यालाच कळलं.
उरलेलं पाणी तिच्यावर घातलं,
चेन मधल्या चक्रीवर ठेवली
आणि नाला ओलांडेपर्यंत गिअरला बोट लावलं नाही.

लॅबला चार दहा.
डोईफोडे सर कुलूप हातात घेऊन उभे.
काही बोलले नाहीत,
हातमोजे चढवले, बाटल्या मोजल्या, अकरा,
रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.
शेवटचा रकाना: उशिराचे कारण.
वर पाहिलं तर पाऊस, पाऊस, पाऊस,
पुढे नुसत्या खुणा, वरीलप्रमाणे.
आज तर सकाळीच उघडलं होतं.
लिहिलं: चेन.

सर म्हणाले, "असं नका लिहू,
वरून विचारतील, सोन्याची का?"
मग पुढे लिहिलं: कडी अडकली, सोडवली.
तेवढ्यात रकाना भरला.

जवसाचं राहिलं.