सिने कुमुद, कुडचडे

'कुमुद'मधला 'कु' आधी पडला.
दोनेक वर्षं नुसतं 'मुद' होतं.
आता तिथे निळ्या फ्लेक्सवर कबुतर
आणि वेळ : रविवारी साडेनऊ.
पूर्वी तीन, सहा, नऊ असायची.

खांडेपारकरांनी हे बांधलं खनिजाच्या पहिल्या पैशांत.
भिंती पांढऱ्या केल्या,
ट्रकांनी त्या वर्षाच्या आत तांबड्या केल्या,
पुढे रंगाच्या भानगडीत कुणी पडलं नाही.
ड्रायव्हर, क्लीनर, बार्जवरचे खलाशी
तीच धूळ अंगावर घेऊन थर्डच्या बाकांवर बसत.
उठल्यावर बाकांवर त्यांच्या पाठी उरत.

माझे वडील, शाबा च्यारी, वर मशीनवर.
मी डबा घेऊन लोखंडी जिन्याने जायची.
सिनेमे पाहिले ते वीतभर चौकोनातून,
संवाद नाहीत, फक्त मशीनची खडखड.
अजूनही कुणी रडताना दिसलं
की मला आधी ती खडखड ऐकू येते.

फिल्म तुटायची.
अंधारात सहाशे माणसं शिट्ट्या मारायची,
मशीनवाल्याच्या आईचा उद्धार व्हायचा,
म्हणजे माझ्या आजीचा.
वडील ब्लेडने टोकं खरवडत,
ॲसिटोनचा एक थेंब,
वरून अंगठा,
आणि मनात दहापर्यंत आकडे.
खाली बाकं आपटताहेत, आणि हे सात... आठ...
दहाच्या आत त्यांनी अंगठा कधी उचलला नाही.

मग खाणी बंद पडल्या.
ट्रक रस्त्याकडेला उभे राहिले ते राहिलेच,
टायरांमधून तेरडा उगवला.
शेवटच्या खेळाला अकरा माणसं होती,
त्यांतली चार आमच्या घरची.
थकलेल्या पगारापोटी वडिलांना बाल्कनीतल्या
दोन खुर्च्या मिळाल्या, एकमेकींना जोडलेल्या.
एकटं माणूस बसलं की कलंडायच्या.

पास्टर व्हेंचुरा आधी दहाचाकी हाकायचा.
त्याने हे हप्त्यांवर घेतलं.
त्याच्या बायकोने तीन दिवस रॉकेल ओतून
खुर्च्यांतले ढेकूण मारले.
पडदा उतरवला तर मागे भिंत
बरोबर पडद्याएवढी गोरी.
क्रूस मधोमध हवा होता, पण तिथे खिळा धरेना.
म्हणून तो जरा डावीकडे आहे,
आणि सगळी मंडळी मान किंचित वळवून प्रार्थना करतात.
पुढचं तिकीट तेव्हा सर्वांत स्वस्त होतं.
आता पुढे बसायला लोक लाजतात.

दारातली चणेवाली कॉन्सेसांव तिथेच आहे.
वरच्या जुन्या चर्चची घंटा झाली
की तिचा हात आपसूक कपाळाला जातो.
या दाराकडे बघून म्हणते, "आमचें न्हय तें."
आणि सभा सुटायच्या वेळेला
पुड्या वळून तयार ठेवते.

परवा मी गेले.
तिकीट कुणी विचारलं नाही, त्यानेच अवघडले.
जिना तोच. वर एक सोळा वर्षांचा मुलगा
लॅपटॉपवरून गीतांच्या ओळी
भिंतीवर टाकत होता, वडिलांच्या त्याच चौकोनातून.
"आंटी, कोण जाय?"
म्हटलं, कोणी नाही. उभी राहते जरा.
त्याने खोकं सरकवून दिलं, बसायला.

ओळ अर्धी भिंतीवर असताना वीज गेली.
खाली दोनशे माणसं गप्प.
इतकी गप्प माणसं या हॉलने पाहिली नव्हती.
मग अंधारात, माइकच्या बाजूने,
दोन बोटं जिभेखाली घालून मारतात तसली
एक लांबलचक शिट्टी.
कुणीतरी हसलं, मग बरेच.
मुलगा घाबरून वायरी चाचपत होता.
माझा हात फळीवर बाटली शोधत होता,
आणि तोंडात, कधी सुरू झालं कळलं नाही,
चार, पाच...