पुन्हा ओढा

यंगस्टाउन, ओहायो. गुरुवार, रात्रीचे पावणेदहा.
तीन नंबरच्या गल्ल्यावर मी,
समोर एकटा स्टेफान ह्रुश्का:
राईचा पाव, सार्डिनचा एक डबा, मांजराचं खाणं.
मांजर मार्चमध्येच गेलं. मी विचारत नाही.

शर्टाच्या आतल्या खिशातून तो कार्ड काढतो,
दोन बोटांत धरून देतो,
ओल्या फोटोसारखं.
मी ओढते.
यंत्र म्हणतं, पुन्हा ओढा.

सोळा वर्षं हेच करतेय, आता मनगटाला कळतं.
हळू ओढलं तर यंत्राला डुलकी लागते,
घाईनं ओढलं तर ते बुजतं.
मधला एक वेग असतो,
बाळाची पाठ थोपटून झाल्यावर
हात अलगद काढून घेतो ना, तेवढा.

त्या काळ्या पट्टीत म्हणे लोखंडाची पूड असते,
गंजाची सख्खी बहीण.
आणि गंजाबद्दल या गावाला कुणी शिकवायला नको.
नदीकाठच्या भट्ट्या विझल्या तेव्हा
स्टेफान ऐन चाळिशीत होता.

दर गुरुवारी असंच.
मी ओढते, माझ्या बाजूच्या पडद्यावर उमटतं
आधी आडनाव, मग एक तिरपी रेघ,
मग ती.
पडदा मी त्याच्याकडे वळवते. तो वाचतो.
मग म्हणतो, राहू दे, रोख देतो,
आणि मी रद्दचं बटण दाबते.
मॅनेजरनं एकदा विचारलं,
गुरुवारी तुझ्याच गल्ल्यावर इतकं रद्द कसं होतं?
म्हटलं, यंत्र जुनं झालंय.

आज काहीच नाही.
पट्टी ॲप्रनला पुसली. फुंकर मारली.
भाजीची पातळ पिशवी कार्डाभोवती गुंडाळून ओढलं,
झिजलेली कार्डं बहुतेक वेळा या युक्तीला फसतात.
पुन्हा ओढा.
पुन्हा ओढा.

कुठे ठेवलं होतं?
फ्रिजच्या दारावर, तो म्हणाला. हरवू नये म्हणून.
लोहचुंबकाखाली.
नायगाऱ्याचा आहे. तिनंच घेतला होता,
किमतीवरून घासाघीस करून.

आता याला काय सांगू.
कुठला कण कुठे तोंड करून उभा,
एवढीच तर तिथली लिपी.
आता सगळे एकाच दिशेला बघत असतील,
परेडसारखे.
चुंबकाला धरून ठेवणं येतं.
आपण काय धरलंय, हे त्याला कुठे ठाऊक.

आकडे हातानं टाकता येतात. सोळाच्या सोळा.
यंत्र तेही चालवून घेतं,
नाव मात्र विचारत नाही.

मी कार्ड उलटं केलं.
उठावाची अक्षरं, चांदी कधीच उडालेली,
अंगठा फिरवला तर लागतात.
वाचून दाखवलं: बोझीना.
नाही, तो म्हणाला.
बोजेना?
नाही. झेडवर एक छोटी खूण असते,
ती बँकेच्या यंत्राला छापताच आली नाही.
झे. मधमाशी कानाजवळून जाते, तसा.

मागे एक बाई येऊन उभी राहिली,
गॅलनभर दूध घेऊन,
पाय बदलत.

बोझेना, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली. पुन्हा, म्हणाला.
बोझेना.
सहा डॉलर चाळीस.

तो नाणी मोजत होता,
आणि मी, सवयीनं,
रद्दच्या बटणावर बोट ठेवून उभी होते.