बोटभर अंतर

एकविसाव्या रात्री बारा फुटली.
तेरावं सकाळी, उशिरा, ओलंगच्च,
आणि उभं राहायला गेलं तर
परकार उघडावा तसे पाय दोन दिशांना.
पोट वर्तमानपत्राला चिकटलेलं,
खाली मागच्या आठवड्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा.

"कागद गुळगुळीत असतो," एलेओदोरो म्हणाला,
"कितीदा सांगितलं, खोक्यात कागद घालू नकोस."
सांगितलं होतं. पण मला कोरडं काहीतरी हवं होतं,
आणि चिलोएत सप्टेंबरातही कोरडं काही नसतं,
चुलीमागचं सरपणसुद्धा घामेजलेलं.

शेजारची फ्लोरिदेमा चिग्वाय डोकावून म्हणाली,
मान मुरगाळ. निळ्या अंड्यांच्या जातीत
असली खोट पुढे जायला नको.
बाई वाईट नाही. तिच्याकडे चाळीस कोंबड्या आहेत.

एलेओदोरोने काठी दाराला टेकवली.
अकरा वर्षं तो सॅल्मनच्या जाळ्यांखाली बुड्या मारायचा,
मेलेले मासे पोत्यात भरून वर आणायचा.
एका दुपारी तो घाईने वर आला,
घाई त्याची नव्हती, बोटीवरच्या माणसाची होती,
आणि डावा पाय जणू खालीच राहिला.
कंपनीच्या कागदावर एकच शब्द आहे: 'अंशतः'.
तोही कागद गुळगुळीत.

चिकटपट्टी लांबीत उभी कापायची.
एक टोक एका पायाला, दुसरं दुसऱ्याला,
मधे बोटभर अंतर.
माझं बोट धरायचं, त्याचं नाही,
त्याची बोटं दोरखंडांनी जाड झालेली.
पिल्लू धरणं माझ्याकडे. तळहातात
ते गरम, चिडलेलं,
ज्या अंड्यातून आलं त्याहूनही हलकं.

मग त्याने ते चहाच्या कपात उभं केलं.
भोवती काठ, पडायला जागाच नाही.
त्याने घर डोक्यावर घेतलं.
हा कप मांडीवर धरून बसला, म्हणाला,
"ओरड बाबा, ओरड.
मलाही असंच घातलं होतं, लोखंडी पिंपात, सहा तास.
काचेपलीकडे डॉक्टर पेपर वाचत होता.
ओरडलेलं बाहेर जात नाही, हे मला नंतर कळलं."

नऊ वर्षांत हे मला त्याने सांगितलं नव्हतं.
मी चुलीत लाकूड सारलं. लाकूड आधीच पुरेसं होतं.

आणखी एकाची बोटं मुठीसारखी वळलेली.
त्याला बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे जोडे,
पाण्यात चिमूटभर यीस्ट.
ते जोडे घालून ते बदकासारखं फटफट चालायचं,
आणि बाकीची त्याच्या जोड्यांनाच चोची मारायची.

पाचव्या दिवशी एका मोठ्या पिल्लाची
धोंडशीर घोट्यावरून घसरली.
त्याने ती अंगठ्याने जागेवर सरकवली,
पुन्हा घसरली. पुन्हा सरकवली.
तासभर चाललं होतं.
मग तो पिल्लू घेऊन पावसात बाहेर गेला,
आणि हात धुऊन परत आला.
त्या दिवशी फ्लोरिदेमाचं खरं होतं.
मी विचारलं नाही. जेवताना बटाटा त्याने सोलून माझ्या ताटात ठेवला.

तेराव्याची पट्टी आम्ही सहाव्या सकाळी काढली.
ते उभं राहिलं, विचारात पडल्यासारखं.
चोचीवर आपटलं. उठलं.
आणि थेट भरड्याच्या वाटीत.

आता खोक्यात जुन्या बोटीतला रबर आहे, रेघारेघांचा.
पाय मुळात बरे होते,
त्यांना फक्त धरायला काही नव्हतं.
हे मी स्वतःशी दोनदा म्हणाले
आणि मग मागच्या दाराकडे पाहिलं,
तीन लाकडी पायऱ्या, शेवाळलेल्या,
तो रोज जिथून कोंबड्यांकडे उतरतो,
आणि मी रोज आतून ओरडते, "जपून!"

उरलेला रबर मी रात्री ठोकला. हातोडीला चिंधी गुंडाळून.

सकाळी तो पहिल्या पायरीवर थांबला,
डाव्या पायाने रबर दाबून पाहिला.
मागे वळला नाही.
कोंबड्यांना हाक मारली,
जरा जास्तच मोठ्याने.