थ्री-नॉट-थ्री

टाकळीच्या पोलीस लाइनीत
गणवीर आर्मरर नळीतून दोरी ओढतो:
चिंधी काळी, मग राखाडी,
मग कोरी.

दस्त्याला जवसाचं तेल,
घरच्याच बाटलीतलं.
चटणीही जवसाचीच, डब्यात.
मे महिन्यात अक्रोडाचं लाकूड भेगाळतं, म्हणतो,
माझ्या टाचांसारखं.

बोल्टवर जो आकडा, तोच बॉडीवर.
ऐंशी वर्षं
ही जोडी कुणी फोडली नाही.

आता निघते ती फक्त सलामीला.
बुधवारी, मानकापूरच्या घाटावर,
नायक सहारेंसाठी तीन फैरी.

परतली तेव्हा नळी कोमट होती.
गणवीरनं वही उघडली:
काडतुसं तीन,
रिकाम्या पुंगळ्या दोन.
तिसरी सहारेंच्या पोराच्या मुठीत.
रकान्यात काय लिहावं,
पेन चावत बसला.
तेलकट बोटं
कागदावर उमटत गेली.